रोज किती पझल सोडवू?

"रोज बुद्धिबळाची पन्नास पझल सोडवतो, तरी डावात टॅक्टिक्स, म्हणजे मोहरा जिंकायच्या किंवा मात द्यायच्या छोट्या युक्त्या, दिसत नाहीत. सराव आखू कसा?" हा प्रश्न मला सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आकडा बाजूला ठेवा आणि आधी स्वतःचे हरलेले वीस डाव काढा.

इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, लगेच लावू नका. डाव कुठल्या खेळीला फिरला ते स्वतः शोधा आणि वहीत एका ओळीत लिहा. घोड्याचा दुहेरी हल्ला दिसला नाही. मागच्या ओळीत मात बसली. पिन झालेल्या, म्हणजे मागच्या राजा-वजिरामुळे जागीच अडकलेल्या, उंटाच्या जोरावर विसंबलो. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी एकाच जातीच्या निघाल्या: समोरच्याची धमकी मी पाहिलीच नव्हती.

मग त्याच जातीची शंभरेक पझल निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा सोडवा. पाठ होतील म्हणून लोक कचरतात. पण पाठच व्हायला हवीत. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून तो आठवून मांडायला लावला. खऱ्या डावातली स्थिती असली की मास्टर नवख्याच्या कितीतरी पुढे; मोहरे वाटेल तसे विखुरले की तो फरक जवळजवळ नाहीसा. म्हणजे ओळखीच्या आकृत्या हीच मास्टरची पुंजी. उदाहरणार्थ, वजीर समोरच्याच्या राजाशेजारी ठेवायचा, हत्तीला तो मारावाच लागतो, आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मात देतो. ही मात दहादा सोडवलेल्याला ती हिशोबाआधीच जाणवते.

मी रोज अर्धा तास देतो. वीस मिनिटं हा संच, दहा मिनिटं एकच अवघड स्थिती, खऱ्या पटावर, मोहऱ्यांना हात न लावता. समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर सापडेपर्यंत पहिली खेळी करायची नाही. अंदाजाने खेळी ठोकून बरोबर आलेलं पझल मी चुकलेलंच धरतो.

पझलमध्ये काहीतरी आहे हे आधीच ठाऊक असतं, डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून आठवड्याला एक तरी संथ डाव खेळा आणि प्रत्येक खेळीआधी समोरच्याचे शह, मार आणि धमक्या, याच क्रमाने तपासा. सुरुवातीला वेळ फार जातो, तो जाऊ द्या.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा वीस डाव काढा. माझ्या दुसऱ्या वहीत धमकीच्या नोंदी घटल्या आणि एंडगेममधल्या, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यातल्या, प्याद्यांच्या चुका वर आल्या. सध्या तो संच चालू आहे.