तुम्ही विचारलेत म्हणून : बतावणीच्या गावातून माँटी पायथनकडे

एकांकिका बसवणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मला सांगलीत आणि आसपासच्या गावांत अधूनमधून बोलावले जाते. विषय बहुतेक वेळा तमाशातल्या बतावणीचा असतो. बोलण्याच्या ओघात मी कवलापूरहून लंडनला जातो आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणीतरी हमखास विचारते, की विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत वाढलेल्या आणि तमाशावर एवढा जीव असलेल्या माणसाला ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा इंग्रजी टीव्ही कार्यक्रम इतका जवळचा कसा वाटतो. सभागृह रिकामे करून देण्याच्या घाईत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. बीबीसीवर त्याचा पहिला भाग 5 ऑक्टोबर 1969 रोजी रात्री उशिरा दाखवला गेला आणि शेवटचा 5 डिसेंबर 1974 रोजी. चार मालिका मिळून एकूण 45 भाग झाले. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ आणि एरिक आयडल हे तिघे केंब्रिजचे, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन हे दोघे ऑक्सफर्डचे, आणि सहावा टेरी गिलियम हा अमेरिकेतून आलेला चित्रकार. चॅपमन डॉक्टरकी शिकलेला होता, क्लीझ कायदा शिकलेला. हे सहा जण स्वतः लिहीत, स्वतःच बहुतेक सगळ्या भूमिका करत, आणि अर्ध्या तासाच्या भागात लहान लहान प्रहसने एकातून एक अशी निघत जात.

आता बतावणीकडे येतो, कारण माझ्या उत्तराचा पाया तिथे आहे. तमाशात गण होतो, गवळण होते आणि मुख्य वग सुरू होण्यापूर्वी बतावणी होते. तिला पुढच्या वगाशी देणेघेणे नसते. दोन माणसे उभी राहतात. एक शहाणा, सरळ बोलणारा, आणि दुसरा सोंगाड्या, जो समोरच्याचा प्रत्येक शब्द शब्दशः धरतो आणि त्या शब्दाच्या वाटेने त्याला अशा ठिकाणी नेऊन सोडतो, की तिथून परत येणे शहाण्याला जमत नाही. सांगलीहून तासगावकडे जाताना लागणाऱ्या कवलापूरने या कलेतली मोठी माणसे दिली. काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी त्याच गावची. एका गाजलेल्या वगात त्यांनी दोन हवालदार केले आणि त्या हवालदारांची नावे पुढे जन्मभर त्यांना चिकटली. दोन सारख्या चेहऱ्यांची माणसे अत्यंत गंभीरपणे एकमेकांना न समजल्यासारखे बोलत असतात, तेव्हा होणारा विनोद काय ताकदीचा असतो, हे आमच्या भागातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

माँटी पायथन माझ्या आयुष्यात आले ते इंग्लंडहून सुट्टीला आलेल्या एका नातेवाइकाने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने. आमचे घर तेव्हा गावभागात होते. कॅसेट लावली तेव्हा घरातल्या तरुण मंडळींबरोबर आमचे एक चुलत आजोबाही येऊन बसले, ज्यांनी तरुणपणी फडात सोंगाड्यामागे उभे राहून झील धरली होती. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पडद्यावर मेलेल्या पोपटाचे प्रहसन सुरू झाले. गिऱ्हाईक पिंजरा घेऊन दुकानात येते आणि म्हणते, की अर्ध्या तासापूर्वी इथून घेतलेला हा पोपट मेलेला आहे. दुकानदार म्हणतो, छे, तो विश्रांती घेतोय. गिऱ्हाईक पोपटाला हाका मारते, टेबलावर आपटते, हवेत भिरकावते. दुकानदार म्हणतो, तो बेशुद्ध पडलाय. मग म्हणतो, नॉर्वेचा पक्षी आहे, त्याला तिथल्या खाड्यांची आठवण येतेय. शेवटी गिऱ्हाईक मरणासाठी भाषेत असतील नसतील तेवढे सगळे शब्द एका दमात ऐकवते. आम्ही हसत होतो आणि आजोबा डोळे बारीक करून क्लीझच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “त्यो हसत न्हाई बघ. म्हणून चाललंय.”

पायथनविषयी पुढे मी पुष्कळ वाचले, पण त्या वाक्याच्या पलीकडे फारसे कोणी गेल्याचे मला दिसले नाही. क्लीझ ते गिऱ्हाईक असे करतो, की जगात या क्षणी त्या पोपटाच्या न्यायाहून महत्त्वाचे काही नाही. पेलिनचा दुकानदार आपले खोटे निभावताना एकदाही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारत नाही. हे प्रहसन मुळात मोटारीवरचे होते. आधीच्या एका कार्यक्रमात पेलिनने असा मोटारविक्रेता रंगवला होता, जो गाडीचा कोणताही दोष मान्यच करत नाही, आणि त्याचे मूळ पेलिनला प्रत्यक्ष भेटलेल्या एका गॅरेजवाल्यात होते. क्लीझ आणि चॅपमन यांनी ते नव्याने लिहिताना मोटारीच्या जागी मेलेला पोपट आणला आणि रोजच्या व्यवहारातली एक तक्रार अमर झाली. मोटार बिघडली आहे की नाही यावर वाद घालता येतो. मरण मात्र समोर पडलेले असते, आणि तरीही ते नाकारणारा माणूस काउंटरमागे उभा असतो. सदोष माल घेऊन दुकानात परत गेलेल्या प्रत्येकाने हा माणूस पाहिलेला आहे.

आजोबांना दुसरी गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. वाद टिपेला पोहोचल्यावर गिऱ्हाईकच म्हणते, की हे आता फारच खुळचटपणाचे होत चालले आहे. आणि लष्करी गणवेशातला एक कर्नल, म्हणजे चॅपमन, चौकटीत येऊन त्याला दुजोरा देतो व प्रहसन बंद पाडतो. शेवटचा टोला नाही, पोपटाचे काय झाले ते नाही. आजोबांनी विचारले, “असं अर्ध्यात सोडत्यात व्हय?” फडात असे केले असते तर प्रेक्षकांनी पागोटी भिरकावली असती, असेही ते म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे ते खरेच होते.

माझे प्रेम नेमके या अर्ध्यात सोडण्यावर जडले आहे. प्रहसन लिहिणाऱ्या कोणालाही विचारा; कल्पना सुचणे अवघड नसते, मधला भाग रंगवणेही सरावाने जमते, पण शेवटचा टोला सापडत नाही म्हणून चांगली प्रहसने मरतात. लेखक मग कुठून तरी एक टोला ओढून आणतो आणि त्या टोल्यासाठी मधल्या संवादांनाही वाकवतो. पायथनच्या मंडळींनी ठरवून टाकले, की कल्पनेतला रस संपला की तिथेच थांबायचे आणि पुढे जायचे. कधी कर्नल येईल, कधी बीबीसीच्या निवेदकाच्या वेशातला क्लीझ मोकळ्या मैदानात टेबल मांडून बसलेला दिसेल आणि आता काहीतरी अगदी वेगळे पाहू या असे सांगेल, कधी गिलियमचे कात्रणांचे चलच्चित्र सुरू होईल. जुनी कोरीव चित्रे आणि छायाचित्रे कापून गिलियम ती चित्रे करत असे. शीर्षकाच्या शेवटी सगळे चिरडून टाकणारे ते प्रचंड पाऊल त्याने ब्रोंझिनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रातून उचललेले आहे. या चित्रांचे काम सजावटीचे नव्हते. दोन प्रहसनांमधला सांधा तेच होते, आणि सांधा असल्यामुळे टोल्याची गरज उरत नव्हती.

ही युक्ती सर्वस्वी त्यांची नव्हती आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. त्याच 1969 साली, काही महिने आधी, स्पाइक मिलिगनचा ‘क्यू5’ हा कार्यक्रम बीबीसीवर आला होता, ज्यात प्रहसने मध्येच सोडून दिली जात. आपल्याला जे करायचे आहे ते या माणसाने आधीच केले, असे जोन्स आणि पेलिन यांना तो पाहून वाटले होते. हा मिलिगन 1918 साली तेव्हाच्या अहमदनगरमध्ये जन्मला आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. वडील ब्रिटिश लष्करात होते. त्यावरून मी कोणताही सिद्धान्त मांडत नाही, पण हे सांगताना मला आनंद होतो, एवढे खरे.

बतावणीशी सगळ्यात जवळचे नाते मला 1972 सालच्या वादाच्या दवाखान्यात दिसते. पेलिन एका कार्यालयात येतो आणि वाद विकत मागतो. पाच मिनिटांचा एक पौंड. आधी तो चुकून शिवीगाळीच्या खोलीत शिरतो, मग योग्य खोलीत क्लीझसमोर बसतो. वाद घालण्याची खोली हीच का, असे त्याने विचारताच क्लीझ म्हणतो, मी तुम्हाला एकदा सांगितले आहे. नाही सांगितलेत. सांगितले. पेलिन वैतागून म्हणतो, की हा वाद नव्हे, हे नुसते नाही म्हणणे आहे. वाद म्हणजे एखादे विधान सिद्ध करण्यासाठी रचलेली विधानांची साखळी. क्लीझ म्हणतो, नाही. वेळ संपल्याची घंटा होते. पुढे बोलायचे तर पुन्हा पैसे. पैसे भरूनही क्लीझ ते मिळालेच नाहीत म्हणतो, तेव्हा पेलिनला वाटते आता तो सापडला: तुम्ही माझ्याशी वाद घालताय, त्याअर्थी मी पैसे भरले असलेच पाहिजेत. त्यावर क्लीझचे शांत उत्तर येते, की असेच काही नाही, मी फावल्या वेळात वाद घालत असेन. सोंगाड्याने शहाण्याला त्याच्याच तर्काच्या दोरीने बांधणे म्हणतात ते हे, आणि आमच्या भागातला कोणीही जुना प्रेक्षक ते भाषेशिवायही ओळखील. याच प्रहसनाच्या शेवटी पोलीस अधिकारी येऊन सगळ्यांना अटक करू लागतात आणि आरोपांत एक आरोप असा असतो, की तुम्ही प्रत्येक प्रहसन नीट न संपवता पोलिसाला आणून संपवता. स्वतःच्या पद्धतीची इतकी प्रामाणिक तपासणी टीव्हीवर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

विचित्र चालींच्या मंत्रालयाचे प्रहसन बहुतेकांनी तुकड्यात पाहिलेले असते आणि क्लीझच्या लांब टांगांवर सगळे हसतात. पण त्याचे मर्म टेबलाशी बसल्यावर सुरू होते. पेलिनची चाल फारशी विचित्र नाही आणि ती विकसित करण्यासाठी त्याला सरकारी अनुदान हवे आहे. अधिकारी ती चाल नीट पाहतो, तिच्यातल्या उणिवा सौम्यपणे दाखवतो, आपल्या खात्याला संरक्षण खात्याहूनही कमी पैसे मिळतात म्हणून खंत व्यक्त करतो. सरकारी कार्यालयाचा आदबशीर स्वर एका अक्षराने ढळत नाही.

सगळेच असे उत्तम नाही, हे सांगितले पाहिजे. 45 भागांत मंद प्रहसने पुष्कळ आहेत. चौथ्या मालिकेत क्लीझ नाही आणि त्याची उणीव जाणवते. पुरुषांनीच वटवटणाऱ्या बायका करण्याची त्यांची पद्धत आपल्या रंगभूमीला परकी नाही, पण कॅरल क्लीव्हलंडसारख्या चांगल्या नटीला त्यांनी क्वचितच काही करायला दिले. परदेशी माणसांची जी सोंगे त्यांनी काढली, त्यांतली काही आज पाहवत नाहीत.

हा ठेवा उरला, यातही नशिबाचा भाग आहे. त्या काळी बीबीसी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरत असे आणि अनेक चांगले विनोदी कार्यक्रम त्यात कायमचे गेले. पायथनच्या टेपांवरही ती वेळ येणार असल्याचे कळल्यावर आपण त्यांच्या प्रती काढून घरी ठेवल्या, असे टेरी जोन्सने पुढे सांगितले. 2020 साली जोन्स वारला. शेवटच्या वर्षांत आजाराने त्याची बोलण्याची शक्तीच हिरावून घेतली होती, ही गोष्ट मला फार लागली. चॅपमन तर 4 ऑक्टोबर 1989 रोजीच गेला, कार्यक्रमाला वीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. त्याच्या स्मरणसभेत क्लीझने श्रद्धांजलीची सुरुवात मेलेल्या पोपटासाठी दोघांनी मिळून लिहिलेल्या शब्दांनीच केली. मित्राला निरोप देताना त्याचेच लेखन त्याच गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवणे, यापेक्षा मोठा मान मला कल्पिता येत नाही.

एकांकिका लिहिणाऱ्या मुलांना मी हे सगळे सांगतो, कारण स्पर्धेतल्या विनोदी एकांकिकेच्या शेवटी संदेश हवाच, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. चाळीस मिनिटे उत्तम हसवलेली एकांकिका शेवटच्या तीन मिनिटांत प्रकाश मंद करून उपदेश करू लागते आणि आधीचे सगळे त्या उपदेशाची तयारी होती असे भासवते. परीक्षकांना ते आवडते, हे मला माहीत आहे. तरीही माझे मत असे, की विनोद स्वतःच्या पायावर उभा असेल तर त्याला असा आधार देणे हा त्याचा अपमान आहे.

काहींनी कुठून सुरुवात करावी असेही विचारले आहे. मोबाइलवर तुकडे पाहू नका. तुकड्यात सांधे हरवतात. पहिल्या मालिकेतला पोपटाचा आठवा भाग सलग पाहा, मग तिसऱ्या मालिकेतला वादाच्या दवाखान्याचा भाग, आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या अशा वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, ज्याने तंबूत बसून रात्रभर तमाशा पाहिला आहे. भाषांतर करून सांगायची घाई करू नका. पहिली दहा मिनिटे त्यांना नुसते चेहरे पाहू द्या, आणि मग त्यांना काय दिसले ते विचारा.