बाबांची ई-सायकल, आईची पिशवी आणि सिंहगडचा घाट

गेल्या रविवारी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला मी आणि बाबा सिंहगडाच्या पायथ्याला गोळेवाडीच्या नाक्याशी पाणी प्यायला थांबलो होतो. रविवार म्हणजे तिथे सायकलवाल्यांची जत्राच असते, त्यातल्या एका मुलाने बाबांच्या सायकलकडे जरा वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, मोटर आहे ना ह्याला?" बाबा म्हणाले हो, आहे. "मग काय काका, मग सिंहगड काय नि कात्रज काय!" असं म्हणून तो हसला आणि त्याच्याबरोबरचे दोघं-तिघं पण हसले. मुलगा वाईट नव्हता हो, नंतर त्यानेच बाबांना चिक्की दिली, पण मी बाबांचा चेहरा बघितला आणि मला ते लागलं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी आठ वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, सध्या तीन आठवडे सुट्टीवर कोथरूडच्या घरी आलेय. बाबा ७१ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीये, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, सायकल चांगलीच आहे, पण चढावर जोर लावायचा नाही. आता पुण्यात चढ टाळून सायकल चालवायची म्हणजे कुठे चालवायची? चांदणी चौक चढ, बावधन चढ, साधं घरून एआरएआयच्या टेकडीकडे जायचं तरी चढ. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आणि दादाने मागे लागून त्यांना ई-सायकल घ्यायला लावली. घेतली, चालवायलाही लागले, पण यावेळी आल्यावर मला दिसलं की फ्रेमवरच्या बॅटरीला त्यांनी आईकडून एक निळी कापडी पिशवी शिवून घेतलीये, वर नाडी, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं काकांनी टिफिन बांधलाय. मी म्हटलं बाबा, हे कशाला, उन्हात बॅटरी तापते अशाने. तर म्हणाले, "असू दे गं, धूळ बसते." धुळीचा काही संबंध नाहीये, हे मलाही माहिती होतं आणि त्यांनाही.

मला बाबांची लाज कळते कारण मी स्वतः आधी त्या हसणाऱ्या मुलांच्या बाजूला होते. आइंडहोवनला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात जुनी साधी सायकल घेतली, ऑफिस शेजारच्या वेल्डहोवनमध्ये, म्हणजे रोज सकाळी पश्चिमेकडे जायचं आणि तिथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतो. ज्यांनी हॉलंडचे सपाट रस्ते फक्त फोटोत बघितलेत त्यांना वाटतं काय सुख असेल, पण तिथला वारा हाच तिथला घाट आहे, आणि ह्या घाटाला माथा नसतो की पलीकडे उतार नसतो. त्या लोकांनी तर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची चक्क राष्ट्रीय स्पर्धा ठेवलीये, वादळाचा अंदाज आला की थोडे दिवस आधी जाहीर करतात आणि समुद्रावरच्या ऑस्टरस्खेल्डच्या बांधावर बिनगिअरच्या सरळ हँडलच्या सायकली घेऊन लोक वाऱ्याच्या तोंडावर निघतात. तर अशा वाऱ्यात मी पोटऱ्या भरून येईपर्यंत पेडल मारत होवनरिंगवर (चौकाच्या वर केबलवर टांगलेला गोल सायकल पूल आहे तो, २०१२ मध्ये झाला) चढत असायचे आणि बाजूने एखादी सत्तरीची आजी ताठ बसून, मागे भाजीची पिशवी वगैरे, शांतपणे पुढे निघून जायची. मला खरंच राग यायचा. मनात म्हणायचे ही काय सायकल झाली का, मेहनत मी करतेय आणि पुढे ती.

नंतर त्यातल्याच एक आजी आमच्या शेजारी निघाल्या. त्यांच्याशी बोलताना कळलं की आधी दोन-तीन वर्षं त्यांनी सायकल जवळजवळ सोडली होती, वाऱ्यामुळे, आणि बहिणीकडे जायचं तर बस बदलून बदलून जावं लागायचं म्हणून जाणंच कमी झालं होतं. ई-बाइक आल्यावर दर आठवड्याला अठरा किलोमीटर जाऊन अठरा किलोमीटर परत येतात. मी त्यांची तुलना माझ्याशी करत होते, ती चूक होती. त्यांची तुलना घरी बसलेल्या त्यांच्याशीच करायला हवी होती.

तिथे सगळे प्रेमाने ई-बाइककडे बघतात असं मात्र नाहीये. माणसं सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटींच्या वर असलेला देश, गेली काही वर्षं नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत साधारण निम्म्या इलेक्ट्रिक असतात, तरी शनिवारी-रविवारी रेसिंग सायकलवर लायक्रा घालून जाणारे लोक आहेत ते ऑफिसमध्ये कॉफीच्या मशीनपाशी नाक मुरडतातच. त्यांच्या तक्रारीतली एक मला पटते. सायकल ट्रॅक तोच, रुंदी तीच आणि आता त्यावर १५ च्या वेगाची शाळेतली पोरं, २५ च्या वेगाच्या आज्या आणि वर त्या जाड टायरच्या इलेक्ट्रिक फॅटबाइक, ज्या बरीच मुलं सेटिंग बदलून चाळीसच्या पुढे पळवतात. अपघात होतात. २०२२ मध्ये तिथे २९१ सायकलस्वार गेले, त्यात वयस्कर लोक खूप होते. हा वेगाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण "मोटर लावून चढणं ही चीटिंग आहे" हा वेगळाच आरोप आहे आणि दोन्हींची खिचडी होते.

मुळात ती मोटर करते काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युरोपात नियम असा की मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची, पेडल मारलं तरच चालणार आणि ताशी २५ किलोमीटर झाले की मोटर आपोआप बंद, पुढचं सगळं तुमच्या पायावर. ४५ पर्यंत जाणाऱ्या वेगळ्या असतात, त्यांना २०१७ पासून नेदरलँड्समध्ये मोपेडसारखी नंबरप्लेट, इन्शुरन्स आणि हेल्मेट लागतं. आपल्याकडेही २५० वॅटपेक्षा कमी आणि २५ च्या आतली असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत, लायसन्स-रजिस्ट्रेशन काही नको. फरक एवढा की आपल्याकडे बऱ्याच ई-सायकलींना थ्रॉटल पण असतो, मुठ पिळली की पेडल न मारता पळते. माझ्या मते सगळा गोंधळ इथे होतो. थ्रॉटलवर बसून गेलात तर ती छोटी स्कूटर झाली, मला त्यात काही वाईट वाटत नाही पण तिला व्यायाम म्हणू नका. पेडल असिस्ट म्हणजे तुम्ही जेवढा जोर लावाल त्यात मोटर आपली भर घालते, टॉर्क सेन्सर (पायाचा जोर मोजणारा) असेल तर पाय ढिला सोडला की तीही ढिली सोडते.

सिंहगडाचाच हिशोब करून बघा, मी बाबांना वहीत करून दाखवला. नाक्यापासून वर आठ-नऊ किलोमीटरचा घाट, चढ सहाशे मीटरच्या आसपास. बाबा, सायकल, पाणी सगळं धरून ९५ किलो. हे वजन सहाशे मीटर उचलायला साधारण १५५ वॉट-अवर ऊर्जा लागते. सत्तरीतला माणूस दम न तुटता सलग ९० वॅट देत असेल तर नुसता चढ पावणेदोन तासांचा, म्हणजे वेग ताशी पाच किलोमीटर. पाचच्या वेगाला चढावर सायकल तोलच धरत नाही, उतरून ढकलावीच लागते. आता त्यात मोटरचे १०० वॅट मिळवा, तोच चढ तासाभरात येतो, सायकल सरळ राहते, गुडघ्यावरचा जोर निम्म्यावर येतो. आणि बाबांचे ९० वॅट? ते तर त्यांनी तासभर दिलेच की! वर पोचले तेव्हा बनियनपासून टोपीपर्यंत भिजलेले होते, नाडी १२८ होती, मी मोजली. बॅटरीला पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, जुना पंखा रात्रभर चालवला तर जाते तेवढीच.

युरोपातल्या ७ शहरांत दहा हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला होता, त्यात निघालं की ई-बाइकवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांइतकाच भरतो, कारण मेहनत किलोमीटरमागे कमी असली तरी ते लांब लांब जातात. आमच्या शेजारच्या आजींचे ते अठरा अधिक अठरा.

आणि सायकलवाल्यांची ही "ह्यात काय पराक्रम" वाली सवय आजची नाहीये. आज सिंहगडावर बत्तीस दात्यांचं मागचं गिअर लावून चढणाऱ्या कोणालाच वाटत नाही की आपण फसवतोय. पण टूर दे फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज गिअरला असंच नावं ठेवायचे, त्यांचं म्हणणं गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी, खऱ्या सायकलपटूने पायाच्या ताकदीवर जिंकावं. टूर १९०३ ला सुरू झाली आणि डिरेलर गिअर (चालत्या सायकलवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) वापरायची परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तोवर ते बिचारे डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूला चढाचं चक्र असायचं म्हणून.

चीटिंग असतेच, नाही असं नाही. २०१६ मध्ये बेल्जियममध्ये झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीच्या) वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एका तरुण खेळाडूच्या सायकलच्या फ्रेममध्ये लपवलेली मोटर सापडली, तिला सहा वर्षांची बंदी झाली आणि ती योग्यच होती. बीआरएमला (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायची राइड असते ती) २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, तिथे नियम आहे की सायकल फक्त माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे, तर तिथे मोटर नको म्हणजे नको. स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं अॅप) ई-बाइक राइडचा वेगळा प्रकार आहे, तो निवडायचा, दुसऱ्याचा वेळ मोडायचा नाही. जिथे घड्याळ लावलंय, नंबर द्यायचेत, तिथे नियम पाळा. पण गोळेवाडीला रविवारी सकाळी कुठलं घड्याळ लावलेलं असतं? बाबा कोणाला हरवायला निघाले होते?

हे लिहिताना मला बाबांची जुनी सायकल आठवतेय. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून पिंपरीच्या कंपनीत रोज, शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी, हॅरिस ब्रिज ओलांडून दापोडी, कासारवाडी, पहिल्या पाळीला पहाटे पाचला निघायचे, डायनॅमोच्या उजेडात. बाबा सांगतात पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा, बोलत बोलत पाच-सहा जण रांगेत यायचे आणि वाकडेवाडीला आलं की एकेक जण आपापल्या पेठेकडे वळायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते ह्या लोकांमुळे. तेव्हा कोणी कोणाला विचारलं नाही तू किती वॅट देतोस. मग घरोघरी लुना आल्या, स्कूटर आल्या आणि ती रांग संपली. २०१७ च्या शेवटाला भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा मी पुण्यातच होते, किती छान वाटलं होतं, विद्यापीठात, औंधला सगळीकडे रंगीत सायकली, आणि मग त्याही दिसेनाशा झाल्या. ज्या शहरात सायकल चालवणारा माणूस इतका कमी उरलाय तिथे जो कोणी पुन्हा पेडलवर पाय ठेवतोय त्याला हसून घालवायचं? मला हे मनापासून पटत नाही. ई-सायकल काढून घेतली तर बाबा साध्या सायकलवर येणार नाहीत, ते अॅक्टिव्हावर येतील किंवा येणारच नाहीत.

एक गोष्ट मात्र ई-सायकल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, विशेषतः घाटात नेणार असाल तर. ती जड असते, बाबांची २२ किलोची आहे, त्यामुळे उतारावर ब्रेकवर फार ताण येतो. सारखा ब्रेक धरून ठेवायचा नाही, वळणाच्या आधी नीट दाबून वेग कमी करायचा आणि मग सोडायचा, डिस्क तापल्याचा वास आला तर सरळ थांबायचं. ब्रेक पॅड दर महिन्याला बघा. आम्ही उतरताना दोनदा थांबलो, बाबांना ते आवडलं नाही पण थांबले.

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही नेहमीचंच. तो चिक्कीवाला मुलगा आमच्यानंतर थोड्या वेळाने आला, धापा टाकत, आणि आमच्याच शेजारी बसला. बाबांनी त्याला विचारलं, कुठून निघालास, तो म्हणाला हडपसर. बाबा म्हणाले, "अरे बाप रे, म्हणजे चारला उठला असशील!" आणि मग दोघं बराच वेळ हॅरिस ब्रिजबद्दल बोलत बसले, कारण त्याचे आजोबापण पिंपरीला सायकलने जायचे. मोटरचा विषय कोणी काढला नाही.

मी गुरुवारी रात्री परत निघतेय. काल आईने ती निळी पिशवी धुवायला टाकली होती, संध्याकाळी दोरीवरून काढून घडी घालताना विचारलं, अहो, ही परत बांधायची ना? बाबा पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "राहू दे. बॅटरी तापते त्याने."