डोंगराच्या मातीनंच डोंगर रंगवायचा तर

तांबूस तपकिरी रंगाच्या ट्यूबवर ‘बर्न्ट सिएना’ असं छापलेलं असतं. ते नाव इटलीतल्या सिएना शहराजवळच्या मातीवरून आलंय. म्हणजे डोंगर समोरचा आणि त्याला लावायची माती परमुलखातली. समोरच्या डोंगराची माती वापरायला तशी काही आडकाठी नसते. पण ढेकूळ उचललं, कुटलं, डिंकात कालवलं की हातात रंग येत नाही, चिखल येतो. कागदावर तो खरखरतो, वाळला की पावडर होऊन झडतो, आणि ‘नैसर्गिक रंग असेच असतात’ असं म्हणून लोक तो नाद सोडतात. खरी गोष्ट एवढीच आहे की रंग मातीच्या सगळ्यात बारीक भागात असतो आणि तो भाग पाण्यानं वेगळा काढावा लागतो. निम्म्याहून जास्त मेहनत तिथे आहे.

आधी माती कुठली घ्यायची ते पाहू. जमिनीचा अगदी वरचा थर नको. त्याचा काळसरपणा कुजलेल्या पाल्याचा असतो. त्यातून धड रंग मिळत नाही आणि पुढे बुरशी मात्र हमखास धरते. रस्त्यासाठी कापलेली दरड, ओढ्याचा खचलेला काठ, खोदकामातून निघालेला ढीग अशा ठिकाणी मुळांखालचे थर उघडे पडलेले असतात. पाऊस पडून गेल्यावर जावं, कारण ओल्या मातीत थरांमधला फरक जास्त ठळक दिसतो. दरडीला स्वतः उकरू नये, खाली घरंगळलेली ढेकळं पुरतात. संरक्षित जंगल आणि पुरातत्त्वाच्या जागा सोडून द्याव्यात, खासगी जमिनीवर मालकाला विचारावं. कारखान्याच्या सांडपाण्याजवळची किंवा खाणीच्या कचऱ्यातली माती कितीही देखणी दिसली तरी हात लावू नये, तिच्यात शिसं, आर्सेनिक असं काहीही असू शकतं.

जागेवरच करायची परीक्षा सोपी आहे. चिमूटभर माती ओली करून कागदावर बोटानं चोळायची, वाळू द्यायची आणि झटकायची. डाग राहिला तर तिच्यात रंग आहे. सगळं झडून कागद कोरा झाला तर ती नुसती वाळू. भेगाळणारी काळी जमीन इथे भल्याभल्यांना चकवते. ओली असताना ती गडद दिसते, पण कागदावर वाळल्यावर मळकट राखाडी होते. तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे तिचा रंग वाळवलेल्या रंगाच्या वडीतही तडकतो आणि कागदावरही. काळा हवा असेल तर कोळसा घ्यावा.

पाव किलो माती प्रयोगाला पुष्कळ झाली. ती उन्हात खडखडीत वाळवून ढेकळं फोडायची. फोडायची म्हणजे फोडायचीच, खलबत्त्यात दणादण कुटायची नाही. कुटल्यानं आतली वाळूही पिठासारखी होते, रंगात मिसळते आणि त्याला फिका पाडते. मग ती बाहेर काढायची सोय राहत नाही. सुकी माती हाताळताना एन ९५ मास्क हवाच. सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

आता निथळणं. उंच बरणीत एक भाग माती आणि आठ-दहा भाग पाणी घेऊन तासभर भिजू द्यायचं, मग तळापासून ढवळायचं. पाण्यात कण जितका मोठा तितका तो लवकर बसतो, आणि हा फरक जबरदस्त असतो: व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. १० सेंटिमीटर पाण्यातून ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण साधारण ४५ सेकंदांत तळ गाठतो, २० मायक्रॉनचा साडेचार-पाच मिनिटांत, १० मायक्रॉनचा अठरा-एकोणीस मिनिटांत. २ मायक्रॉनच्या कणाला सात-आठ तास लागतात. त्यामुळे घड्याळ हीच आपली चाळणी. ढवळणं थांबल्यावर ४५ सेकंद थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतायचं. तळाची वाळू टाकून द्यायची. दुसऱ्या बरणीत पुन्हा ढवळून पाच मिनिटं थांबायचं, वरचं पाणी तिसरीत. तिसरी रात्रभर हलवायची नाही. तिच्या तळाशी बसलेला लोण्यासारखा गाळ म्हणजे आपला रंग. दुसऱ्या बरणीतला गाळही फेकू नये. तो कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतो, आणि खडक किंवा वाळलेलं गवत रंगवायला तो बारीक रंगापेक्षा सरस ठरतो. ओतताना घाई झाली, तळ हलला, की पुन्हा पहिल्यापासून. इथे धसमुसळेपणा चालत नाही.

कधीकधी तिसरी बरणी तीन दिवस झाले तरी गढूळच राहते. चिकणमातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. चिमूटभर तुरटी टाकली की त्यांच्या गुठळ्या होऊन ते खाली बसतात. मात्र नंतर दोनदा साध्या पाण्यानं धुवायला विसरू नये, नाहीतर वाळलेल्या रंगावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. गाळ पसरट थाळीत वाळवायचा, कागदावर नको. कागदाचे तंतू चिकटतात आणि मग कुंचल्यात अडकतात.

पिवळी माती मिळाली असेल तर एकीतून दोन रंग निघतात. पिवळेपणा बहुधा गोएथाइट या लोहखनिजाचा असतो, त्यात पाणी बांधलेलं असतं. २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते पाणी निघून जातं आणि हेमेटाइट, म्हणजे गेरूचा तांबडा उरतो. जुन्या लोखंडी तव्यावर, उघड्यावर, वाळलेल्या पावडरीचा पातळ थर देऊन मंद आचेवर परतत राहायचं. दर पाच मिनिटांनी चिमूटभर बाजूला काढून ठेवलं तर पिवळा, नारिंगी, विटकरी, तांबडा अशी अख्खी मालिका मिळते. पावडर नीट वाळलेली नसेल तर ती उडते, आणि तवा नंतर स्वयंपाकात वापरायचा नाही. भरपूर तापवूनही तांबडा येत नसेल तर त्या मातीत गोएथाइट नाही, तिच्यामागे गॅस जाळण्यात अर्थ नाही.

जलरंगासाठी डिंक म्हणजे गम अरेबिक, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. कतिरा चालत नाही, तो पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. एक भाग डिंकाची पूड दोन भाग गरम पाण्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी फडक्यातून गाळायची. डिंकाच्या साधारण एक पंचमांश मध किंवा ग्लिसरीन घालायचं, शिवाय १०० मिलिलिटरला लवंग तेलाचे तीन-चार थेंब, बुरशीसाठी. काचेवर रंगाची पूड आणि हे मिश्रण सम प्रमाणात घेऊन सुरुवात करायची. चिकट माती डिंक जास्त पिते, तिला थोडं वाढवून लागतं. काचेच्या सपाट बुडाच्या वरवंट्यानं, तो नसेल तर जड बुडाच्या पेल्यानं, आठच्या आकड्यात दहा-पंधरा मिनिटं घोटायचं. खरखर आवाज थांबून नुसती सरसर राहिली की झालं.

वडी पाडण्याआधी कागदावर पट्टा ओढून वाळू द्यावा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडलाय. पट्टा चकाकला किंवा पापुद्रे सुटले तर जास्त झालाय. वडी साच्यातून सुटून उडत असेल तर ग्लिसरीन वाढवावं, आठवडाभर चिकटच राहत असेल तर मध जास्त पडलाय. साचा एकदम भरू नये. दोन-तीन थरांत, प्रत्येक थर वाळवून भरला तर तडे कमी जातात.

लोहाचे हे रंग उन्हात उडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत गेरू, कोळसा आणि हाडांचा चुरा कालवलेले शिंपले सापडले, ते सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यातला गेरू अजून तांबडाच आहे. हळद आणि फुलांच्या रंगांना ही सर नाही. त्यांची पट्टी अर्धी झाकून महिनाभर खिडकीत ठेवली की फरक दिसतो.

राहता राहिलं आकाश. मातीत निळा सहसा नसतो, आणि हीच अडचण या रंगसंचात सगळ्यात मजेची आहे. कोळशाचा काळा पाण्यानं खूप पातळ करून तांबड्या-पिवळ्याच्या शेजारी लावला की डोळ्याला तो निळसर भासतो. शेजारी उबदार रंग नसेल तर मात्र तो नुसता राखाडी. म्हणून जमीन आधी रंगवावी, आकाश शेवटी. लांबचे डोंगर याच कोळशाच्या पातळ हातांनी मागे सरकतात. पिवळ्यात थोडा कोळसा मिसळला की शेवाळी हिरवा मिळतो, झाडोऱ्याला तो पुरतो. कोवळ्या पालवीचा हिरवा यातून निघत नाही, तिथे कागद पिवळाच ठेवून बाजूला गडद रंग लावावा.

प्रत्येक बरणीवर जागा, तारीख, खोली आणि थर लिहून ठेवावं. दरड पुढच्या पावसात खचते, थर गाडला जातो, आणि अर्ध्या चित्रासाठी लागणारा तो जांभळट तांबडा परत मिळत नाही. मोठं चित्र हाती घ्यायचं असेल तर त्याची सगळी पावडर एकदाच निथळून, एकत्र मिसळून ठेवावी.