विकत आणल्यागत

अष्टमी, रात्रीचे 10.30

सगळे गुजरीत गेलेत, अंबाबाईची नगरप्रदक्षिणा बघायला. मी दिव्यापाशी थांबले. घट बसल्यापासून तो विझू द्यायचा नसतो, म्हणजे घरात कुणीतरी लागतंच, आणि आज मला गर्दीत जावंसंही वाटेना. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत झोपल्यात.

दुपारी कडाकण्या, म्हणजे घटावर टांगायच्या फुलोऱ्यातल्या गुळाच्या कडक पुऱ्या, तळून पाटीत काढल्या, तेव्हा त्या खुर्चीवरून वाकून बघत म्हणाल्या, "झाल्यात की ब्येस. अगदी इकत आणल्यागत."

एवढंच. तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकलंय.

गेल्या वर्षी गूळ अंदाजानं घातला आणि जास्त झाला. कडाकण्या तेलात पडल्या पडल्या लाल झाल्या आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडून दोऱ्यातून निसटल्या. फुलोऱ्यातली वेणी घटावर पडली. आत्याबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. हात जोडून देवीची माफी मागितली, माझ्या वतीनं. ते मी वर्षभर विसरले नाही.

म्हणून यंदा वजनकाटा काढला. अर्धा किलो बारीक रवा, अर्धा किलो मैदा, 300 ग्रॅम गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला, वर कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळून 2 तास झाकून ठेवलं, रवा फुलल्यावर वरवंट्यानं कुटलं. पाऱ्या डब्याच्या झाकणानं कापल्या, सगळ्या एका मापाच्या. आच मंद. देवीला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं, त्यामुळे कडाकणी जमली की फसली हे टिचकी मारून आवाजावरूनच ओळखायचं. आवाज चांगला येत होता. मग त्याच पिठाची वेणी, करंडा, आरसा, पाळणा, मंगळसूत्र. फणीचे दात सुरीनं कापले, सारख्या अंतरावर.

आणि त्यावर, इकत आणल्यागत.

उपाशीपोटी 4 तास गॅसपुढे उभी होते मी. विकतचंच हवं असतं तर बाजारात आता पाकिटं मिळतात की. दोरा ओवला की झाला फुलोरा. ज्या आणतात त्यांना मी नावं ठेवत नाही, कामावरून 7 ला घरी येणाऱ्या बाईनं पीठ कुटायचं तरी कधी? पण मी आणलं नव्हतं ना. मनगट अजून ठणकतंय. वन्सं असत्या तर लाटायला तरी बसल्या असत्या. त्या यंदा का आल्या नाहीत ते आज नको.

मला नक्की काय लागलंय ते लिहिता लिहिता शोधतेय. आत्याबाईंची कडाकणी 10 जणींच्या पाटीत टाकली तरी ओळखू यायची. कड जरा जाड, तिथं अंगठ्याचा दाब. फणीचे दात त्या नखानं पाडायच्या, शेवटचा नेहमी लांब. माझ्या कडाकण्या पाकिटातल्यांत मिसळल्या तर माझ्या मलाच ओळखू येणार नाहीत. त्यांना तेच दिसलं असेल का?

की नसेलच दिसलं? संध्याकाळी दोरे ओवताना मी गप्पच होते, त्याच आपण होऊन सांगत होत्या. "आमी जात्यावर दळत हुतो. रवा चाळून काढायचा, त्यात कोंडा यायचाच. एक कडाकणी सरळ हुईल तर शपथ. इकतचं म्हंजे कसं, नीट." नीट. हा शब्द त्यांनी इतक्या हौसेनं उच्चारला की मी मान वर करून बघितलं. तोंडावर टोमण्याची रेघसुद्धा नव्हती. पत्र्याचा बिस्किटांचा डबा अजून कपाटात जपून ठेवणारी बाई आहे ती. तिच्या लेखी विकतचं म्हणजे उजवं. तिनं मला होती नव्हती ती शाबासकी दिली.

हे कळलं तरी टोचायचं थांबत नाहीये. कारण सकाळची गोष्ट मी अजून लिहिलीच नाही.

पहिली पारी लाटायला घेतली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "फणी मी करू?" मी म्हटलं, राहू द्या, बोटं दुखतील. बोटं दुखतात त्यांची, खोटं नाही ते. पण मला यंदा वाकडं काही नको होतं. माफी मागायची वेळ यायला नको होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्ची जरा मागे घेतली. फरशीवर पाय घासल्याचा तो आवाज मला तेव्हाही ऐकू आला होता. मी सुरी घेतली आणि दात कापले.

म्हणजे विकतच्यागत त्या मीच केल्या. त्यांनी फक्त जे होतं ते म्हटलं.

आत्ता जाऊन घटाकडे बघून आले. फुलोरा टांगलाय तसाच आहे, एकही कडाकणी ढिली पडलेली नाही. सुरेख दिसतोय, हेही खरं आहे आणि मला ते आवडतंय. गेल्या वर्षभराचं ओझं तेवढं उतरलं.

ओल्या फडक्याखाली लिंबाएवढा गोळा उरलाय. एका फणीपुरता होईल. रात्रीतून आणखी घट्ट होईल, सकाळी पुन्हा कुटून द्यावा लागेल. उद्या खंडेनवमी, विळी, सुरी, कात्री सगळी पूजेला मांडायची, म्हणजे दात नखानंच पाडायला हवेत. बांधलेल्या फुलोऱ्यात नंतर भर घातलेली चालते का, हे आत्याबाईंनाच विचारते, पोळपाट त्यांच्यापुढे ठेवून.