हात पुरला तिथपर्यंत

फोन आला तेव्हा मी गच्चीवर शेडनेटला टाके घालत बसले होते. आदल्या रात्रीच्या वळवाने एका बाजूची जाळी पार फाडून टाकली होती.

"ताई, बाबा तुमच्याकडून झाडं न्यायचे. एकदा येऊन बघता का? बहुतेक सगळी गेलीत."

त्याने नाव सांगायच्या आधीच कोणाबद्दल बोलतोय ते कळलं. सोलापुरात माझ्याकडे येऊन लिथॉप्स, म्हणजे ती दगडासारखी दिसणारी बुटकी मांसल झाडं, मागणारी माणसं अशी किती असणार? हे काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणी बंद पडल्यावर हा नाद लागला. शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून त्यात बी पेरायचे. फेब्रुवारीत त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता जून उजाडला होता.

घर जुन्या पेठेतलं. गच्चीला लागून शेजारची गच्ची, मध्ये कमरेएवढा कठडा. आम्ही वर पोचतो न पोचतो तोच शेजारच्या आजी कठड्यापलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"मी घातले की पाणी. रोज सांजच्याला तांब्याभर. एक दिवस चुकवलं नाही बघा."

त्यांच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं. उन्हाळ्यात पिंप भरून ठेवून पुरवून पुरवून वापरायचं, आणि त्यातला तांब्याभर रोज शेजाऱ्याच्या झाडांना. मी "बरं केलंत" म्हणाले आणि वर्तमानपत्र अंथरून बसले.

कुंडी उपटायच्या आधीच वास सांगतो. आंबलेल्या पिठासारखा वास आला की झाड संपलेलं असतं. पहिल्या बारा कुंड्यांत तोच वास. लिथॉप्सचा चिखल झालेला. ॲस्ट्रोफायटम नावाचं एक निवडुंग वरून धडधाकट दिसत होतं, बोट लावलं तर आत गेलं. युफोर्बियाचं एक छोटं रोप आडवं कापत कापत शेंड्यापर्यंत गेले, प्रत्येक कापात मधोमध तपकिरी ठिपका होताच. पांढरा स्वच्छ काप मिळाला असता तर गंधक लावून वाचवता आलं असतं. गंधक माझ्या पिशवीत कायम असतं. द्राक्षवाल्यांच्या कृपेने आपल्याकडे ते कुठल्याही कृषी दुकानात मिळतं.

लोकांचा समज असा, की ही वाळवंटातली झाडं, मग सोलापूरचं ऊन त्यांना मानवणारच. उन्हाचं तसं फार काही नसतं, जाळीखाली निभतं. घात करतात त्या रात्री. ही झाडं दिवसा अंगावरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, मिटून घेतात, पाणी उडू नये म्हणून. रात्री गारवा आला की उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. त्यांच्या मुलखात रात्र गार पडते. आपल्या मे महिन्यात दिवसा ४२-४३ आणि रात्रीही पारा २७च्या आसपास अडून बसतो. लिथॉप्ससारखी झाडं मग सगळा कारभार बंद करून झोपतात. झोपलेली मुळं पाणी ओढत नाहीत. ते तापलेल्या मातीत तसंच राहतं आणि मुळं शिजतात. काकांना हे मी तीन उन्हाळे सांगत होते, तेव्हा कुठे पटलं होतं.

मग मी पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे काकांची दुसरी लोखंडी मांडणी होती, आणि तिच्यावरची जवळजवळ सगळी झाडं जिवंत होती. सुरकुतलेली, धुळीने माखलेली, पण कडक. लिथॉप्सवर वाळक्या कागदासारखी साल होती. मुलाने ती मेलेली समजून बाजूला काढली होती. सालीच्या फटीतून आत पानांची नवी जोडी दिसत होती. जुनी जोडी आपलं पाणी नवीला देऊन अशीच वाळून जाते. हे झाड दगडासारखं दिसतं हे खरंच आहे. १८११ साली विल्यम बर्चेल या वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या इंग्रजाने दक्षिण आफ्रिकेत ते प्रथम उचललं तेही दगड समजूनच.

आणि तिथेच होती काकांची लाडकी युफोर्बिया ओबेसा, टेनिसच्या चेंडूएवढी, आठ शिरांची. हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये हिला नाव दिलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हौशी लोकांनी उपटून उपटून तिच्या मूळ जागी ती संपवत आणली. आज बाजारात दिसतात ती बियांपासून वाढवलेली. हिच्यात नर-मादी झाडं वेगळी. काकांची मादी, माझ्याकडे नर. फुलं आली की काका बारीक ब्रश घेऊन माझ्याकडे परागकण न्यायला यायचे, आणि फळ धरलं की त्यावर मलमलचा तुकडा बांधायचे. फळ तडकलं की बी लांब उडतं, आणि गच्चीवर ते परत कुठे सापडायला!

"ही कशी काय जगली?" मुलाने विचारलं. "पुढची मेली आणि मागची जगली?"

मी पिशवीत गंधकाची पुडी शोधू लागले. ती हातातच होती.

"उन्हाळा कडक होता ना यंदा," मी म्हणाले.

"ऊन तर दोन्हीकडे सारखंच की ताई."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कठड्यावरून हात लांब केला, रिकामाच, तांब्या धरल्यासारखा. तो पुढच्या मांडणीच्या शेवटच्या कुंडीपर्यंत पोचला. टाकीमागे पोचत नव्हता. तसाच थोडा वेळ धरून त्यांनी हात मागे घेतला.

"माझ्या पाण्यानं गेलीत म्हणा की," त्या म्हणाल्या.

मुलगा गडबडला. मलाही सुचेना. मग जे खरं ते सांगितलं, रात्रीच्या उकाड्यापासून सगळं. त्या मध्ये एकदाच म्हणाल्या, "तहानलेली दिसत होती हो."

उरलेली एकवीस झाडं आम्ही टाकीमागेच ठेवली. वर पत्रा टाकला, पाऊस अडवायला.

"आता पाणी कधी?" आजींनी विचारलं.

"दसरा झाल्यावर. तेही नळाच्या चार पाण्याला एकदा."

"आणि तोवर?"

"तोवर नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला मी कशाला पायजे?"

"उंदीर येतात, खारी येतात. ओबेसा कुरतडली तर काका मला सोडणार नाहीत."

"ते हाकलते की मी," आजी म्हणाल्या, आणि काठी आणायला खाली गेल्या.