लाइटनिंगचे पाणतीर: हौदावरची एक सकाळ

लाइटनिंग या जुन्या ब्रिटिश टॉर्पेडो बोटीचं १:२४ प्रमाणातलं चालतं मॉडेल हौदात सोडलं, तेव्हा उजव्या बाजूचं बंधन (पाणतीर धरून पाण्यात उतरवणारी चौकट) खाली केलेलं होतं आणि त्यात १५ मिलिमीटर व्यासाचा पितळी पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, टांगलेला होता. मोटरला पूर्ण वेग दिला आणि बोट तीन मीटरच्या आत उजवीकडे वळून कठड्याला लागली. सुकाणू पूर्ण डावीकडे धरूनही फरक पडला नाही.

मूळ बोट थॉर्नीक्रॉफ्ट या जहाजबांधणी कंपनीनं लंडनजवळ चिझिकला १८७६ मध्ये बांधली. लांबी ८७ फूट, रुंदी पावणेअकरा फूट, वजन साडेबत्तीस टन. ब्रिटिश नौदलात व्हाइटहेड या इंजिनिअरचे स्वयंचलित पाणतीर घेऊन जाणारी ही पहिली टॉर्पेडो बोट. त्या काळात १८.५ नॉट (ताशी सागरी मैल) हा विलक्षण वेग होता. त्यासाठी रेल्वे इंजिनासारखं बॉयलर आणि कंपाउंड इंजिन (वाफ दोन टप्प्यांत वापरणारं) बसवलं होतं.

मॉडेल बनवताना वजनाला सवलत नसते. प्रमाण १:२४ असेल तर वजन २४ च्या घनानं भागायचं. साडेबत्तीस टनांचे जेमतेम २.४ किलो उरतात, आणि त्यात बॅटरी, मोटर, सांगाडा, रंग सगळं आलं. वेग मात्र २४ च्या वर्गमुळानं भागतात. म्हणून १८.५ नॉटला हौदात सेकंदाला १.९ मीटर हवेत. आमच्या बोटीनं तो वेग गाठला, पण बंधन वर उचलून ठेवलेलं असतानाच.

मूळ बोटीवर पाणतीर सोडण्यासाठी दोन्ही बाजूंना अशी खाली सोडायची बंधनं होती. हौदात मी वेग कमी करत गेलो. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास आल्यावर बोट सरळ चालू लागली. म्हणजे खऱ्या बोटीचा साधारण पाच नॉट. कारण सरळ आहे: एका बाजूला १४ इंच जाडीचं धूड पाण्यात ओढलं जातं, आणि त्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. मॉडेलचा आकडा मूळ बोटीला जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. शत्रूच्या जहाजाजवळ पोहोचेपर्यंत ज्या वेगानं ती वाचणार, तोच वेग तिनं डागायच्या क्षणी सोडायचा. तोफांसमोर हे परवडणारं नव्हतं.

म्हणूनच १८७९ मध्ये बंधनं काढून नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) पाणतीर डागणारी एकच नळी बसवली गेली, आणि दोन राखीव पाणतीर मध्यभागी ठेवले गेले. हा बदल आम्हीही करून पाहिला. नळी आणि तिच्यातला पाणतीर मिळून २१० ग्रॅम, नाळेच्या अगदी टोकाशी. बोटीचं नाक ७ मिलिमीटर खाली बसलं आणि पूर्ण वेगात पाणी थेट डेकवर यायला लागलं. ६०० ग्रॅमची बॅटरी १६ सेंटीमीटर मागे सरकवल्यावर समतोल परत आला. इतक्या हलक्या बोटीत प्रत्येक भराला दुसऱ्या टोकाला उत्तर द्यावं लागतं, हे कागदावर मांडलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर पटलं. त्यानंतरची धाव मात्र सरळ गेली: पूर्ण वेगात, दोरी ताणल्यासारखी.

मॉडेल तयार करणाऱ्यांकडून इथेच चूक होते. एका आराखड्यातून बंधनं घेतात, दुसऱ्यातून नळी, आणि दोन्ही एकाच डेकवर बसवतात. बंधनं दाखवायची तर साल १८७७-७८ लिहावं, नळी दाखवायची तर १८७९ नंतरचं. नावही पाहावं लागतं, कारण पुढं ती 'टॉर्पेडो बोट क्रमांक १' झाली. तिच्यासारख्या आणखी बोटी मागवल्या गेल्या, आणि ती स्वतः पोर्ट्समथच्या व्हर्नन या टॉर्पेडो शाळेत प्रयोगांसाठी राहिली. युद्धात एकही पाणतीर न डागता १८९६ मध्ये ती मोडीत निघाली.

आम्ही नळीचीच आवृत्ती पूर्ण केली. बंधनांची जोडी काढून, तेल लावून, मॉडेलच्या पेटीत वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे.