खंजिरी भजनाचे ध्वनिमुद्रण : पोकळ पेटीचे कारण सापडले

भजनाच्या मुद्रणात पेटी (हार्मोनियम) पोकळ ऐकू येते, अशी तक्रार मी मागील टिपणात केली होती; तिचे कारण अखेर हाती लागले आहे आणि उपायही बऱ्याच अंशी साधला आहे. आमच्या यवतमाळ भागातील खंजिरी भजन स्पर्धांसाठी मी सध्या जेक्लिन तबकडी, म्हणजे दोन माईकांच्या मध्ये आवाज अडवणारी चकती ठेवून स्टिरिओ मुद्रण करण्याची रचना, वापरतो, हे आपणांस ठाऊक आहे. ३० सेंटीमीटर व्यासाची प्लायवूडची चकती, तिच्या दोन्ही अंगांना घोंगडीचा तुकडा आणि दोन बाजूंना, एकमेकींपासून १६.५ सेंटीमीटर अंतरावर, दोन ऑम्नी कॅप्सूल (सर्व दिशांचा आवाज सारखाच टिपणारे माईकचे छोटे घटक) अशी ती रचना आहे. मापे मूळ आराखड्याप्रमाणेच आहेत. या तबकडीचे जनक, ध्वनिमुद्रक जेक्लिन यांनी स्वतः पुढे ती वाढवून ३५ सेंटीमीटरची चकती आणि ३६ सेंटीमीटरचे अंतर सुचवले, परंतु मांडवातील दाटीत एवढे मोठे प्रकरण उभे करणे कठीण जाते. उघड्यावर ऑम्नी कॅप्सूल वाऱ्याला दिशादर्शी माईकपेक्षा कमी दाद देते, त्यामुळे ओआरटीएफचा, म्हणजे दोन दिशादर्शी माईक कोनात ठेवण्याच्या पद्धतीचा, विचार मी केव्हाच बाजूला ठेवला आहे.

दोष असा होता की, समोर बसलेल्या खंजिरीवाल्याची थाप आणि झांजांची किणकिण अगदी स्वच्छ येत असे, परंतु कडेला बसलेली पेटी मात्र पत्र्याच्या डब्यात ठेवून वाजवल्यासारखी ऐकू येई. दोन कॅप्सूल जुळणाऱ्या नसाव्यात, हा पहिला संशय. पण स्पर्धेत प्रत्येक मंडळ आपापल्या पद्धतीने बसते. एका मंडळाची पेटी डावीकडे होती, दुसऱ्याची उजवीकडे, आणि पोकळपणा पेटीमागोमाग बाजू बदलत होता. पेटीच्या जागी तबला आला, तेव्हा तबलाही तसाच पोकळ झाला. म्हणजे दोष ना कॅप्सूलचा होता ना वाद्याचा. तो बसण्याच्या जागेचा होता.

दुसरा संशय बिछायत केंद्राच्या ध्वनिवर्धकावर होता. दोन्ही खोक्यांतून एकच मोनो आवाज येतो आणि तो मूळ आवाजात उशिराने मिसळून काही स्वर खाऊन टाकतो, ही आपली सर्वांची जुनी डोकेदुखी आहे. या संशयाचा निकाल महावितरणच्या कृपेने लागला. ऐन भजनात वीज गेली, खोकी मुकी झाली, परंतु मंडळाने टाळ न थांबवता भजन पूर्ण केले आणि माझा बॅटरीवरचा रेकॉर्डर चालूच राहिला. त्या अंधारातल्या मुद्रणातही पेटी तितकीच पोकळ होती. एरवी आवाज म्हणाल तर तो तुकडा माझ्या संग्रहातील सर्वांत सुंदर आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो; ध्वनिवर्धक नसला की मंडळाचा अर्धगोल कानांसमोर अक्षरशः मांडला जातो.

उरली ती तबकडी. कडेच्या वादकाचा आवाज एकदा थेट कॅप्सूलवर पोहोचतो आणि दुसऱ्यांदा चकतीवर आपटून परत येतो. कॅप्सूल चकतीपासून सव्वाआठ सेंटीमीटरवर असल्यामुळे परतणाऱ्या आवाजाला जाऊन येऊन १६.५ सेंटीमीटर जास्त चालावे लागते. ज्या स्वराची तरंगलांबी याच्या दुप्पट, म्हणजे ३३ सेंटीमीटर, त्याचे दोन्ही आवाज एकमेकांविरुद्ध पडतात आणि सुमारे १०४० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तेवढाच पट्टा दबतो. हा पट्टा दबला की पेटी पोकळ वाटते. अगदी समोरून येणारा आवाज चकतीला समांतर निघून जात असल्याने खंजिरीला काहीच बाधा होत नव्हती. वाद्यवृंद लांबून आणि समोरून मुद्रित करणाऱ्यांना हा दोष फारसा जाणवत नसावा, परंतु आपली मंडळे सतरंजीवर अर्धगोलात बसतात आणि माझा स्टँड त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो. त्यामुळे दोन्ही टोकांचे वादक चकतीच्या थेट तोंडावर येतात.

खात्रीसाठी भिंतींचा प्रतिध्वनी टाळून शेतात प्रयोग केला. मोबाईलवर पिंक नॉइज (सर्व पट्ट्यांतील स्वर असलेला चाचणीचा खरखराट) लावून तो चकतीच्या कडेला ठेवला आणि ऑडॅसिटी या संगणकीय प्रणालीत आलेख काढला. खड्डा अपेक्षित ठिकाणीच होता. कॅप्सूल चकतीपासून ४ सेंटीमीटरवर सरकवताच तो उचलून २१०० हर्ट्‌झच्या सुमारास गेला. आलेखावरची ती वाकडी रेघ पाहून झालेला आनंद आपल्यासारख्या वेड्यांखेरीज कोणाला कळेल असे वाटत नाही. अर्थात कॅप्सूल इतक्या जवळ ठेवणे हा उपाय नव्हे, कारण दोन कानांमधील, म्हणजे दोन कॅप्सूलमधील, अंतरच निम्मे होऊन स्टिरिओ आकसतो.

दोष घोंगडीच्या जाडीत होता. काही मिलिमीटरची लोकर वरच्या पट्ट्यातील तीक्ष्णपणा शोषते, १ किलोहर्ट्‌झचा आवाज तिला जुमानत नाही. ध्वनिशोषक फोम ऑनलाइन मागवला, तर एका विक्रेत्याने साधा पॅकिंगचा फोम तिप्पट भावाने पाठवला. त्या पार्सलकडे पाहत असतानाच लक्षात आले की, कापसाच्या जिल्ह्यात राहून फोम विकत घेणे हाच मुळात शहाणपणा नव्हे. गावच्या पिंजाऱ्याकडून पिंजलेल्या रुईच्या ४ सेंटीमीटर जाडीच्या दोन गोल गाद्या शिवून घेतल्या. “भाऊ, एवढीशी गादी कोनासाठी जी?” असे त्यांनी विचारले, पण काम चोख केले. रुई खाली बसू नये म्हणून चार-चार बोटांवर दोऱ्याचे टाके घातले आणि खोळ पातळ मलमलीची ठेवली, कारण जाड कापडावरून आवाज पुन्हा परततो. आता आलेखावर तो खड्डा शोधावा लागतो, आणि पेटी पेटीसारखी वाजते.

बाकी किरकोळ. रेकॉर्डर माईकला जी थोडीशी वीज पुरवतो, त्या प्लग-इन पॉवरवर जवळच्या खंजिरीचा आवाज फाटत होता. माईकला वेगळी वीज देणाऱ्या ९ व्होल्टच्या बॅटरी बॉक्सने ती तक्रार मिटली. त्याचे कपॅसिटर आणि रेझिस्टर नागपूरला सीताबर्डीत मिळाले. हे काम स्वतः डागकाम (सोल्डरिंग) करून उरकण्याजोगे आहे, तयार बॉक्ससाठी लोक मागतात ते पैसे मला अवाजवी वाटतात.

पुढचा बेत ३५ सेंटीमीटरच्या तबकडीचा होता, परंतु हे लिहीत असतानाच तो डळमळू लागला आहे. खड्डा पडतो तो कॅप्सूल आणि परावर्तक पृष्ठभाग यांच्यातील अंतरामुळे. मग ते अंतरच का ठेवावे? शोएप्स या जर्मन कंपनीचा गोलाकार माईक याच तत्त्वावर आहे. १८ सेंटीमीटरचा गोल आणि त्याच्या पृष्ठभागाशी सपाट बसवलेल्या दोन कॅप्सूल. तो विकत घेण्याची आपली ऐपत नाही, परंतु तेवढ्या घेराचा वाळलेला भोपळा आमच्या परसात टांगलेला आहे. कॅप्सूल १० मिलिमीटरची असल्याने छिद्र पाडणे अवघड नाही. पोकळ भोपळा स्वतःच घुमू लागेल ही भीती आहे. आत वाळू भरली तर स्टँड कलंडेल, म्हणून उरलेली रुईच दाबून भरावी असे वाटते. दुसरी अडचण अशी की, गोलावरच्या कॅप्सूलला कडेचा तीक्ष्ण आवाज वाढून मिळतो, त्यामुळे टोकाला टाळकरी बसले तर कान किटतील. कार्तिकातील काकड भजनाला गादीची तबकडी आणि भोपळा एकाच वेळी चार ट्रॅकवर लावून पाहणार आहे. तोवर छिद्राच्या कडेला कॅप्सूल रबराच्या वॉशरमध्ये बसवावी की थेट मेणात, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास अवश्य कळवावा.